बेळगावचा अत्तरवाला

रत्नदीपच्या वाचनाबद्दल कुंभिवलीत दोन मतं नव्हती, आणि ज्या गावात गटाराच्या उतारावरूनसुद्धा चार मतं पडतात तिथे ही साधी गोष्ट नव्हे. पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन व्हायचं. वाचणारे पुष्कळ होते. कुणी गाडी चुकल्यासारखं भरभर वाचायचं, कुणी जोडाक्षर दिसलं की पाणी मागायचं, कुणी हायवेवरच्या कंटेनरशी आवाजाची शर्यत लावायचं. रत्नदीप वाचायला बसला की मात्र भिंतीला टेकून पेंगणारी माणसंही सरळ बसायची. तो शिळफाट्याच्या एका पतपेढीत वरिष्ठ लिपिक होता. तिथे दिवसभर त्याचं कुणी ऐकत नसे. घरी बायको, पौर्णिमा, ऐकत नसे. त्यामुळे विहारातलं वाचन हीच आपली खरी नोकरी, आणि पतपेढी हा तिच्यासाठी करावा लागणारा प्रवास, असं त्याचं मनातल्या मनात ठरून गेलं होतं.

त्या वर्षी सखाराम गुरुजींनी समारोपाचं वाचन त्याला दिलं. समारोप म्हणजे मंडप, माईक, भंतेजी आणि रसायनीच्या कॉलनीपासून कर्जतपर्यंतची माणसं. रत्नदीपने पांढरा सदरा शिवायला टाकला आणि थंड पाणी बंद केलं.

गुरुजी विहार समितीचे अध्यक्ष, निवृत्त शिक्षक. निवृत्त झाले ते शाळेतून, शिक्षकपणातून नव्हे. वाचनाबाबत त्यांचे दोन नियम होते. पहिला, छापलंय तेच वाचायचं, पदरचा एक शब्द घालायचा नाही. दुसरा, वाचणाऱ्याला मधे तोडायचं नाही आणि त्याच्या हातातलं पुस्तक ओढायचं नाही. दुसरा नियम एका वर्षी दोन वाचकांच्या झटापटीत पान फाटलं तेव्हा झाला. पहिल्या नियमाचा बळी म्हणजे गजा. त्याने एकदा भरात येऊन आपल्या मनाची दोन वाक्यं घातली होती. तेव्हापासून गजा चटया अंथरतो. फार चांगल्या अंथरतो, पण वाचत नाही.

हे सगळं ठाऊक असताना रत्नदीपच्या हातून जे झालं ते झालं, याचं मूळ गंगाबाईच्या डोळ्यात होतं.

गंगाबाई त्याची शेजारीण. नात्याने कुणी नव्हे, पण सगळी आळी तिला आत्या म्हणायची, कारण दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती. लग्नानंतर रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकलेली आणि तेव्हापासून वाचनाने झपाटलेली बाई. सकाळी वर्तमानपत्र, संध्याकाळी विहारात ग्रंथ, आणि मधला सगळा वेळ रहस्यकथा. तिच्या खाटेखाली एक पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्यात नुसते मुडदे होते. खंजीर खुपसलेले, दरीत ढकललेले, पियानोत कोंबलेले. पियानो कुंभिवलीत कुणी पाहिलेला नाही, पण त्यात माणूस कसा कोंबायचा हे गंगाबाईला तोंडपाठ होतं.

तर तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या डोळ्याने आधीच राम राम ठोकलेला, त्यामुळे सगळी भिस्त या एकावर. डॉक्टरांनी सुनेला, रूपाला, बजावून सांगितलं की दिवसातून इतक्या वेळा हे थेंब, एकही चुकता कामा नये, चुकला आणि आत पू झाला तर डोळा हातचा जाईल. आणि नवा चष्मा येईपर्यंत वाचन बंद.

वाचन बंद झालं म्हटल्यावर गंगाबाईने तोंड उघडलं. आणि समोर होती फक्त रूपा.

"झोंबतंय किती गं! बाटली तरी बरोबर हाय ना?"

"तीच हाय आई. डाक्टरनी दिलेली."

"तू म्हणतीस म्हून गप बसायचं. दिसतंय कुनाला?"

सासूसुनेचं पहिल्यापासून जमत नव्हतं. कारण काय ते दोघींनाही आता आठवत नसावं, पण सवय पक्की होती. रूपा उलट बोलायची नाही, बाटली घेऊन वेळेला हजर व्हायची, आणि म्हातारीला तेच जास्त संशयास्पद वाटायचं.

अशात एका संध्याकाळी गंगाबाईने रत्नदीपला बोलावून घेतलं. "रत्न्या, ट्रंकेत वरच एक पुस्तक हाय बघ. 'सरंजामे बंगल्याचं रहस्य'. रोज जेवायच्या आधी येऊन वाचत जा. विहारात वाचतोस तसंच वाच, येवढंच माजं म्हननं."

"आत्या, पण मी रहस्यकथा..." रत्नदीपने घसा साफ केला. वैचारिक वाचकाची एक प्रतिष्ठा असते.

"का? तुजी जीभ बाटल का?"

मग तो वाचायला बसला. पहिल्याच प्रकरणात थोरल्या सरंजामेबाई आरामखुर्चीत मरून पडल्या आणि रत्नदीपने त्यांना असं काही मारलं की ओटीसमोरून जाणारी भागूबाई थांबली. भागूबाई रस्त्यापलीकडची, शेतकरी घरातली, गंगाबाईची जुनी मैत्रीण आणि जुनी वैरीण. "मेली?" तिने बाहेरूनच विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी आपली प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली. तिसऱ्या दिवशी ओटीवर जागा उरली नाही. इथवर सगळं छान होतं. रत्नदीप थोडा सुखावलाही होता, आणि माणूस सुखावला की सावध राहत नाही.

वाचनात मुरलेल्या माणसाची एक सवय असते. जीभ एका ओळीवर आणि डोळे पुढच्या ओळीवर. त्या संध्याकाळी त्याच्या जिभेवर 'त्या अभागी वृद्धेच्या' एवढे शब्द होते, आणि डोळ्यांपुढे हे होतं: 'डोळ्यांत औषधाचे थेंब घालणारे ते नाजूक हात तिच्या सुनेचे, मालतीचे होते, आणि त्या थेंबांतच काळकूट मिसळलेलं होतं!'

नेमकी त्याच वेळी रूपा आतून बाटली घेऊन आली. वेळ झाली होती. तिने म्हातारीची हनुवटी वर केली आणि बाटलीचं तोंड डोळ्यावर धरलं.

ओटीवर टाचणी पडली असती तर तिचाही संशय घेतला गेला असता. रत्नदीपला समोर एकाच वेळी सगळं दिसलं. तो वाचेल. म्हातारी बाटली झटकून देईल. उद्यापासून एक थेंब डोळ्यात पडू देणार नाही. डोळा जाईल. आणि सून आयुष्यभर या आळीत मालती म्हणून ओळखली जाईल.

"त्या अभागी वृद्धेच्या..." तो म्हणाला, आणि पुढे स्वतःच्या जिभेला काय बोलताना ऐकलं त्यावर त्याचा विश्वास बसेना, "...रुमालाला अत्तर लावणारे ते राकट हात घरच्या वकिलाचे होते, आणि त्या अत्तरातच काळकूट मिसळलेलं होतं!"

"अगं बया," भागूबाई म्हणाली.

थेंब पडला. गंगाबाईने डोळा मिटून घेतला. मग म्हणाली, "अत्तरात? हं. वाच पुढं."

घरी गेल्यावर रत्नदीप पाणी प्यायला, थंडच. एक वाक्य, तो स्वतःला समजावत होता, एकच वाक्य, आणि तेही रहस्यकथेतलं. दुसऱ्या दिवशी रूपाने त्याला चहा दिला तो आलं घातलेला, दुधाचा, सोबत खारी. आपल्या वाचनाची कीर्ती स्वयंपाकघरापर्यंत पोचली, असं त्याला वाटलं.

पण सून वाचली तरी खून उरतोच. तो कुणीतरी केलेला लागतो.

वकिलाने केला म्हणावं, तर भागूबाईचा भाचा संतोष खालापूरच्या कोर्टात वकील निघाला. तो दुसऱ्याच दिवशी पतपेढीच्या काउंटरवर येऊन उभा राहिला. "काका, त्या पुस्तकाचा प्रकाशक कोण? पत्ता द्या. सबंध व्यवसायाची बदनामी आहे. नोटीस काढतो." त्या संध्याकाळी त्याने वकिलाला निर्दोष सोडलं, खुनाच्या वेळी त्याची कोर्टात तारीख होती असं सांगून. तारखेचं कारण सगळ्यांना पटलं. मग संशय डॉक्टरवर गेला. त्यावर गंगाबाई तिथल्या तिथे म्हणाली, "मंग मी परवा तपासायला जायची नाय. डाक्टर लोकांचा काय भरवसा?" रूपाच्या हातातलं ताट वाजलं. रत्नदीपने पुढचं पान उलटायच्या आत डॉक्टरला सोडवलं. इतक्या झटपट कुठल्याही डॉक्टरचं नाव कुठल्याही प्रकरणातून निघालेलं नसेल.

आता असा माणूस हवा होता जो कुंभिवलीत कुणाचाच कुणी लागत नाही. मुळात अत्तर आलं कुठून? अत्तरवाल्याकडून. अत्तरवाला कुठला? रत्नदीपने दोन दिवस आडून आडून चौकशी केली आणि खात्री करून घेतली की कुंभिवलीतल्या एकाही घराचं सासर, माहेर, बदली किंवा जुनं भांडण बेळगावात नाही. मग बेळगावचा अत्तरवाला आला. हातात चामड्याची पेटी, पायात करकरणाऱ्या वहाणा. पुस्तकात त्याचं नावनिशाण नव्हतं.

आणि तोच सगळ्यांना आवडला. सरंजामे बंगल्याचं कुणाला काही पडेना. "त्या वहाणावाल्याचं काय झालं?" असं ओटीवर पाय ठेवायच्या आधी माणसं विचारू लागली. रत्नदीप कर्जांचे अर्ज तपासताना अत्तरवाल्याचा विचार करायचा, मोटरसायकलवरून येताना अत्तरवाल्याला घाट चढवायचा. खरं सांगायचं तर त्याला मजा येत होती, आणि मजा येतेय म्हणून भीती जास्त वाटत होती. पुस्तकाला त्याने वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, कारण मुखपृष्ठावर एक बाई आणि भली मोठी हिरवी बाटली होती. ते पौर्णिमेने आधीच पाहिलं होतं.

"बाई हाय, बंगला हाय, बाटली हाय. तुमचा अत्तरवाला कुटं हाय वो?" तिने विचारलं.

"मुखपृष्ठ काढणाऱ्याने पुस्तक वाचलेलं नसतं."

"आनि वाचनाऱ्यानं?"

त्याने सदऱ्याच्या बटणांबद्दल काहीतरी विचारून विषय बदलला.

पण खरी पंचाईत पानांची होती. छापलेली गोष्ट संपत आली होती आणि त्याची गोष्ट नुकती कुठे रंगात आली होती. डाव्या हाताकडे पानांचा गठ्ठा, उजव्या हाताला कागदाचा चतकोर. त्याने पानं उलटायचं कमी केलं. म्हातारीला दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते. "रत्न्या, लय वेळ झाला पान उलटलं नाय रं."

"मोठं पान आहे, आत्या."

"आसंल. जुन्या पुस्तकात आसतात तशी." तिने डोळे मिटले. ती हसल्यासारखी वाटली, पण त्याला घाम पुसायचा असल्याने नीट बघता आलं नाही.

त्यातच विहारात गुरुजींनी त्याला बाजूला घेतलं. "तुझं त्या ओटीवरचं वाचन गाजतंय म्हणे. शेवटच्या दिवशी मीही येईन म्हणतो. समारोपाआधी उच्चार ऐकून घेतो. बाकी छापलंय तेच वाचतोस ना?"

"म्हणजे काय गुरुजी," रत्नदीप म्हणाला. मागे गजा चटया गुंडाळत होता. तो उगीचच इतका शांतपणे गुंडाळत होता की रत्नदीपला बघवेना. लोक काय म्हणतील ते त्याला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. 'इतकी वर्षं विहारात वाचला, तेव्हा ग्रंथातलंच वाचत होता ना रं?' हा प्रश्न एकदा कुणी विचारला की नुसता समारोप जाणार नव्हता. झालेलं सगळं वाचन जाणार होतं. तिथे त्याने कधी काना-मात्रा बदलला नव्हता, पण ते आता सिद्ध कोण करणार?

आणि मग भागूबाईचा धीर सुटला. "मला झोप येत नाय," तिने ओटीवर जाहीर केलं. "आमची ऋतिका कर्जतला कॉलेजात हाय ना, तिला फोन केलाय. तिथं वाचनालयात हेच पुस्तक हाय म्हनली. ती बगून सांगनार, मारलं कुनी."

दुसऱ्या दिवशी पतपेढीच्या इतिहासात प्रथमच वरिष्ठ लिपिकाच्या पोटात दुखू लागलं आणि अर्ध्या रजेवर तो कर्जतला गेला. योजना सरळ होती. ऋतिकाच्या आधी पुस्तक गाठायचं आणि समारोप होईपर्यंत आपल्या नावावर ठेवायचं.

वाचनालयाच्या बाई फार सौजन्याने बोलल्या. सभासद व्हायचंय? जरूर. दोन फोटो, आधारची झेरॉक्स, आणि दोन जुन्या सभासदांची शिफारस. कर्जतमधले सभासद, कुंभिवलीतले चालणार नाहीत. रत्नदीपने फोटो काढले, झेरॉक्स काढली. समोरचा चहावाला आणि त्याचं एक गिऱ्हाईक जुने सभासद निघाले; त्यांना विनवून दोन सह्या आणल्या. चहावाल्याने सही करताना विचारलं, "साहेब, जामीन तर नाही ना राहत मी?" सह्यांखाली त्यांचे कर्जतचे पत्तेही लागतात असं निघाल्यावर रत्नदीप पुन्हा रस्ता ओलांडून जाऊन आला. अर्ज स्वीकारला गेला. बाईंनी शिक्का मारला आणि म्हणाल्या, "छान. पुढच्या महिन्यात कार्यकारिणीच्या बैठकीत मंजुरी मिळाली की पुस्तकं नेता येतील. तोवर इथे बसून वाचा."

तो इथे बसला. सरंजामे बंगला कपाटात होता. त्याने तो हळूच काढला, इकडेतिकडे पाहिलं, आणि ज्या माणसाने पतपेढीतली टाचणीसुद्धा कधी घरी नेली नव्हती त्या माणसाने तो शेळीपालनाच्या पुस्तकांमागे खोल सरकवला.

"काका," बाई टेबलावरूनच म्हणाल्या, "वर कॅमेरा आहे."

रत्नदीपने वर पाहिलं. कॅमेऱ्याने खाली पाहिलं. त्याने पुस्तक काढून दोन्ही हातांनी बाईंच्या टेबलावर आणून ठेवलं.

"एवढं काय आहे हो या पुस्तकात?" त्या म्हणाल्या. "वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही, आणि आज सकाळीच एक मुलगी येऊन शेवटच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून गेली."

परतीच्या वाटेवर त्याने अत्तरवाल्याचा एकदाही विचार केला नाही.

संध्याकाळी शेवटचं वाचन होतं आणि ओटीवर पाऊल ठेवायला जागा नव्हती. नेमका त्याच दिवशी गंगाबाईचा नवा चष्मा आला होता. डॉक्टरांनी डोळा उत्तम आहे म्हणून सांगितलं होतं, आणि म्हातारी चष्मा पदराच्या टोकात गुंडाळून लग्नातल्या वरमाईसारखी खाटेवर बसली होती. गुरुजींना मधली खुर्ची दिलेली. रूपा दारात उभी. पौर्णिमा नवऱ्याकडे बघत नव्हती, म्हणजे तिलाही भीती वाटत होती.

"वाच," गुरुजी म्हणाले.

रत्नदीपने पुस्तक उघडलं. शेवटून दुसरं पान. वर ढळढळीत लिहिलेलं, 'मालतीच्या हातात बेड्या पडल्या.' त्याने तोंड उघडायच्या आत भागूबाई उठली.

"थांब रं. आदी माजं ऐका. ऋतिकाचा फोन आल्ता. शेवटच्या पानांचं फोटू काढलं तिनं, आनि मला फोनवर वाचून दाखवलं. अत्तरवाला बित्तरवाला कोन नाय त्यात! सुनेनं मारलंय सासूला. डोळ्यात थेंब घालून!"

सगळ्यांच्या माना आधी रत्नदीपकडे वळल्या आणि मग, कुणाचाही इलाज नसल्यासारख्या, दारात उभ्या असलेल्या रूपाकडे. तिने बाटली पदराआड घेतली.

"फोटो दाखव," गुरुजी म्हणाले.

"माजा मोबाइल बटनांचा हाय, गुरुजी. त्यात कुटलं फोटू?"

"बरं." गुरुजींनी चष्मा सारखा केला. शाळेत छडी काढायच्या आधी ते असंच करायचे. "रत्नदीप. पुस्तकात जे आहे तेच तू वाचत आलास का?"

रत्नदीप उभा राहिला. हो म्हणावं तर गुरुजी पुस्तक मागतील. नाही म्हणावं तर उद्यापासून चटया, आणि वर रूपाचं जे व्हायचं ते होणारच. सगळं सांगून टाकावं असं त्याने ठरवलं, अगदी पहिल्या थेंबापासून. "गुरुजी, त्या दिवशी..."

"आन हिकडं," गंगाबाई म्हणाली.

तिने हात पुढे केला होता. "पुस्तक माजं. ट्रंक माजी. आता डोळापन माजाच हाय. तुमी कशाला भांडताय? मी वाचते शेवट."

रत्नदीपने पुस्तक दिलं. तिने पदर सोडला, चष्मा काढला, काचा पुसल्या, एकेक काडी कानावर बसवली. पुस्तक हातभर लांब धरलं, मग जवळ घेतलं. ओळीखाली बोट ठेवलं. 'मालतीच्या हातात बेड्या' या शब्दांवरच ते बोट आहे हे रत्नदीपला उभ्या जागेवरून दिसत होतं. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे पाहिलं. मग रात्रीच्या वर्गात शिकलेल्या खणखणीत, तुटक आवाजात तिने वाचायला सुरुवात केली.

"'सून म्हणाली, माझ्या हातून सासूबाईंचा एक थेंब चुकला नाही. मी कशाला मारू? सगळे म्हणाले, खरं आहे. सून निर्दोष आहे. सासूच... सासूच जरा तोंडाची वाईट होती.'" तिने पान उलटलं. मोठ्याने उलटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "'एवढ्यात वहाणा करकरल्या. पण पोलीस पोचेपर्यंत अत्तरवाला पेटीसकट घाट उतरून पळून गेला होता. समाप्त.'"

आणि तिने पुस्तक मिटलं.

रूपा दारातून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला नाही, म्हणजे ती नुसतीच उभी असणार.

"मंग ऋतिकानं काय वाचलं?" भागूबाई गोंधळली होती.

"ती पोर घाईत वाचते. आनि छापनारे काय, कर्जतला येक छापतात, हितं येक."

गुरुजी उठले. सगळी हयात त्यांनी वह्या तपासल्या होत्या, ते असे फसणारे नव्हते. त्यांनी हात पुढे केला. "गंगाबाई, जरा पाहू."

गंगाबाईने पुस्तक मांडीखाली सरकवलं. "गुरुजी, वाचनाऱ्याच्या हातातनं पुस्तक घ्यायचं नाय, ह्यो नियम कुनाचा?"

गुरुजींचा हात हवेत राहिला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, रत्नदीपकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे पाहिलं, जिथे आता कुणी नव्हतं. आयुष्यात त्यांनी नापास केलेल्या मुलांची संख्या मोठी होती. त्यांनी सावकाश हात मागे घेतला आणि छत्री उचलली.

"उच्चार चांगले आहेत," ते म्हणाले. ते कुणाला म्हणाले, हे कळायला मार्ग नव्हता.

माणसं पांगल्यावर रत्नदीप खाटेशी खाली बसला. "आत्या, तुम्हाला कसं कळलं?"

"काय कळायचंय? चार वेळा वाचलंय मी ते. म्हून तर तुला तेच काढायला सांगितलं." तिने चष्मा काढून हातात धरला. "तिला ऐकवायचं व्हतं. तुज्या तोंडून, चार माणसांत. म्हटलं, बसूदे वर्मी. तू सगळा खेळ मोडलास. पयल्या दिवशी लय राग आला तुजा. मंग रोज बगत ऱ्हायले, हा आता कुनाला धरतो." तिने आतल्या दाराकडे पाहिलं. "आनि ती काय थेंब चुकवीना. मी येवढं बोलायची, तरी वेळेला हजर."

तेवढ्यात रूपा चहा घेऊन आली. दोन कप. आलं घातलेला, दुधाचा. कप ठेवता ठेवता ती रत्नदीपला हळूच म्हणाली, "भावजी, खाट झाडताना मी पन वाचलं व्हतं ते पान. दुसऱ्याच दिवशी."

रत्नदीपने चहाकडे पाहिलं. इतके दिवस तो ज्याला कीर्ती समजत होता ते हे होतं. त्याला जरा अपमान वाटला आणि पुष्कळच बरं वाटलं.

"थेंबाची येळ झाली ना गं?" गंगाबाईने विचारलं आणि कुणी न सांगता हनुवटी वर केली. थेंब पडला. झोंबला असणार, पण ती बोलली नाही. मग मिटल्या डोळ्यानेच म्हणाली, "आनि रत्न्या, उद्या समारोपाला तूच वाचायचं. पन मी शेजारी बसनार. चष्मा लावून."

दुसऱ्या दिवशी मंडप भरला होता. भंतेजी होते, माईक होता, नवा सदरा मानेला टोचत होता. रत्नदीप ग्रंथासमोर बसला आणि त्याच्या डाव्या हाताला पांढऱ्या पातळात गंगाबाई. सगळ्यांना वाटलं, म्हातारीला आता दिसतंय म्हणून कौतुकाने बसवलंय. रत्नदीप वाचायला लागला. तिचं बोट पहिल्या ओळीखाली आलं आणि त्याच्या जिभेबरोबर चालू लागलं. सवयीने त्याचे डोळे पुढच्या ओळीवर गेले की बोट मागच्या ओळीवर टकटक करायचं आणि डोळे खाली मान घालून परत यायचे. पहिल्या रांगेत गुरुजी त्या बोटाकडे बघत होते, आणि दुसऱ्या पानानंतर त्यांनी निवांत डोळे मिटून घेतले. इतकं नेमकं, इतकं स्वच्छ तो आयुष्यात कधी वाचला नव्हता. शेवटचा शब्द संपला तेव्हा मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत सगळी माणसं सरळ बसलेली होती.

'साधु, साधु' असा साधुकाराचा आवाज उठला. त्या आवाजात गंगाबाई त्याच्या कानाशी वाकली.

"बरोबर वाचलंस. येक अक्षर इकडचं तिकडं नाय." मग तिने माईकवर हात ठेवला. "आता सांग, घाट उतरून त्यो अत्तरवाला गेला कुटं?"